बरी झालीस ना, मग अजून दमतेस का?

पत्र

मावशी, सा. न.

माझं वय ३१. सासर देवगड तालुक्यात. हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती आहे. सत्ताविसाव्या वर्षी मानेवर गाठ आली. आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्यात काही महिने गेले आणि गाठ वाढतच राहिली. मग मुंबईला तुकडा काढून तपासला तेव्हा हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, निघाला. किमोचे बारा डोस झाले, मानेला आणि छातीला रेडिएशन झालं. ते संपून आता तीन वर्षं होऊन गेली. डॉक्टर म्हणतात, सगळं स्वच्छ आहे.

पण मी पूर्वीची राहिले नाही. विहिरीवरून दोन कळश्या आणल्या की पडवीत टेकावं लागतं. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर झोप लागत नाही. सासूबाई मायाळू आहेत, पण त्याही विचारतात, “आता बरी झालंस मां, मगे कित्याक रडतंस?” पूर्वी मी एका खासगी शाळेत शिकवत होते. उपचारांनंतर त्यांनी परत घेतलं नाही. आता दुसऱ्या शाळेत अर्ज करायचा आहे, तिथे आजाराचं सांगू की लपवू? ननंदेचं लग्न जमवायचं चाललंय. पाहुण्यांपुढे आजाराचं नाव काढायचं नाही, असं मला घरात बजावलंय. आम्हाला मूल हवंय, पण भीती वाटते. आणि मोहोराच्या दिवसांत फवारणीला मी मदत केली तर चालेल का?

माझा मामेभाऊ लंडनला असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका बाईला लिम्फोमा झाला होता. ती परत कामावर गेली, आता शर्यतीत धावते. मला धीर यावा म्हणून त्याने तिचा फोटो पाठवला. तो बघून मला रडूच कोसळलं. तिकडच्या बायका धावतात आणि मी पडवीत बसते. माझ्यातच काही कमी आहे का?

– तुमची एक वाचक

उत्तर

बाय,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. त्याचं उत्तर मनाला पटल्याशिवाय बाकीच्या कशातच तुझं लक्ष लागणार नाही.

तुझ्यात काही कमी नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, त्याला आधार आहे. बारा डोस झाले म्हणजे तुझ्या फाइलवर बहुधा ‘एबीव्हीडी’ असं लिहिलेलं असेल. ही चार औषधं आहेत: डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन आणि डकार्बाझिन. त्यातलं लालभडक दिसतं ते डॉक्सोरुबिसिन. तो डोस झाल्यावर लघवीही लाल होते आणि माणूस घाबरतो, ते तुला आठवत असेल. ही चार औषधं एकत्र देण्याची पद्धत जान्नी बोनादोना या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात इटलीतल्या मिलान शहरात बसवली. पुढे नॉर्वेत, जर्मनीत, मुंबईत, सगळीकडे हॉजकिनच्या कितीतरी रुग्णांना तीच दिली गेली. औषध एक, तेव्हा मागे उरणारा त्रासही एकच. नॉर्वेत हॉजकिनमधून बरे झालेल्या लोकांची पाहणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेला थकवा त्यांच्यात दर चौघांत साधारण एकाला होता. बाकीच्या जनतेत तो दर नऊ-दहा जणांत एकाला होता. त्यातल्या अनेकांचे उपचार संपून बरीच वर्षं लोटली होती. जर्मनीत कोलोन शहरातून हॉजकिनवर दीर्घकाळ संशोधन करणारा एक मोठा गट आहे. त्यांनाही हेच दिसलं, आणि ज्यांचा थकवा तीव्र असतो त्यांना कामधंद्यावर परतणं जास्त जड जातं हेही दिसलं.

नॉर्वेत सरकार औषधपाणी बघतं, घरात नळाला गरम पाणी येतं, कळशी कोणी उचलत नाही. तरीही तिथला माणूस दमतो. मग तू विहिरीवरून आल्यावर टेकतेस यात तुझी कमजोरी कुठे आली?

आता त्या लंडनच्या बाईचं. लिम्फोमाचे साठाहून जास्त प्रकार आहेत. काहींना नुसती नजर ठेवून राहतात, काहींना सहा डोस पुरतात, काहींना स्वतःच्या पेशी काढून परत द्याव्या लागतात. तिला कुठला प्रकार होता, छातीला रेडिएशन लागलं का, हे तुला ठाऊक नाही आणि तुझ्या भावालाही नसेल. शर्यतीच्या दिवशी फोटो काढतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून कशी उठली त्याचा फोटो कोणी काढत नाही. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ती परत कामावर गेली, कारण तिची जागा तिच्यासाठी ठेवलेली होती. ब्रिटनमध्ये २०१० पासून समानतेचा कायदा आहे. कर्करोगाचं निदान झालं त्या दिवसापासून माणसाला त्याचं संरक्षण मिळतं आणि बरं झाल्यावरही ते जात नाही. नुसत्या आजारावरून मालकाला तिला कामावरून काढता येत नाही. उलट कामाचे तास कमी करणं, मधे विश्रांती देणं अशी सोय करणं त्याच्यावर बंधनकारक असतं. तुला तुझ्या शाळेने परत घेतलं नाही. दोघींत फरक आहे तो इथे. तुझ्या अंगात किंवा मनात तो शोधत बसू नकोस.

कर्करोगानंतरच्या आयुष्याबद्दल देशोदेशीचं जे वाचलं आणि लोकांशी जे बोलले, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. शरीर आणि भीती सगळीकडे सारखी असते. भोवतीचं जग काय करतं, ते मात्र देशागणिक बदलतं. ते बदलता येतं, तेव्हा जोर तिथे लावावा.

फ्रान्सचं बघ. तिथे घरासाठी कर्ज घ्यायचं तर विमा लागतो, आणि विमेवाला आजारांची यादी मागतो. पूर्वी कर्करोग लिहिला की नकार यायचा, नाहीतर जादा हप्ता. २०१६ साली त्यांनी कायदा केला, की उपचार संपून १० वर्षं झाली असतील आणि आजार उलटला नसेल, तर तो झाला होता हे सांगायचंच कारण नाही. विमेवाल्याला विचारायचाही हक्क नाही. २०२२ मध्ये ही मुदत ५ वर्षांवर आणली. इटली, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांनीही असे कायदे केले. म्हणजे या सगळ्या ठिकाणी माणसं बरी होत होती आणि जग त्यांना आजारीच धरून चाललं होतं. तिथल्या रुग्णांनी ते वर्षानुवर्षं सरकारच्या कानी घातलं, तेव्हा कायदे झाले. जपानमध्ये तर एके काळी रुग्णाला स्वतःलाच कर्करोगाचं नाव सांगत नसत, घरच्यांना बाजूला घेऊन सांगत. त्याच देशाने २००६ मध्ये कर्करोगाविषयी खास कायदा केला आणि २०१६च्या दुरुस्तीत मालकांनी रुग्णाला नोकरीत टिकवण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं. ‘कोणाला सांगू नको’ म्हणणारं घर फक्त कोकणात नसतं, आणि असं घर बदलतही असतं.

युगांडाचीही गोष्ट सांगते, कारण ती आपल्याला जवळची आहे. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लिम्फोमाला डेनिस बर्किट या डॉक्टरांचं नाव आहे. त्यांनी तो १९५८ मध्ये युगांडात काम करताना मांडला. हा आजार किमोला चांगली दाद देतो. तरी आफ्रिकेत कितीतरी मुलांचे उपचार अर्धवट राहतात. गाव लांब, गाडीभाड्याला पैसे नाहीत, मागे घरी आणखी लेकरं. आपल्याकडे राजापूर-लांज्यापासून दोडामार्गापर्यंतची किती माणसं मुंबईला लालबाग-परळच्या नातेवाइकांच्या एका खोलीत राहून डोस घेतात, आणि किती जण दोन डोसांनंतर ‘शेती बघून येतो’ म्हणून निघतात आणि परत येत नाहीत, हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलं आहे. तू बाराच्या बारा पुरे केलेस. त्यामागे तुझा नवरा, तुझी सासू, घरातलं गहाण पडलेलं सोनं, सगळं असणार. त्याची आठवण ठेव, पण त्या उपकारापोटी ‘आता मला काही होत नाही’ असं सोंग आणू नकोस.

सासूबाईंचा प्रश्न मला खोडसाळ वाटत नाही. त्यांना खरंच कळत नाही. आपल्याकडे ताप आला, उतरला, माणूस कामाला लागला, एवढीच बरं होण्याची कल्पना आहे. फिट्झह्यू मलन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांना ऐन तिशीत स्वतःलाच छातीत कर्करोग झाला होता. त्यांनी १९८५ मध्ये एका लेखात लिहिलं, की कर्करोगातून वाचण्याचे ऋतू असतात. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात आजार दिसत नाही पण तो उलटेल ही धास्ती असते, अंगात जोर नसतो आणि डॉक्टर-नर्सांचा रोजचा आधारही सुटलेला असतो. तिसरा ऋतू पुढे बऱ्याच काळाने लागतो. तेव्हा माणूस जवळपास निर्धास्त होतो, पण नोकरी, विमा, औषधांचे उशिरा दिसणारे परिणाम हे प्रश्न उरतातच. तू दुसऱ्यातून तिसऱ्याकडे चालली आहेस. सासूबाईंना एवढंच सांग: “आये, आजार गेलो, पण औषधांनी अंग पोखरल्यान. ता भरून येवक वेळ लागता.” समजतील त्या. मालवणीत सांगितलेलं आत पोचतं.

थकव्याला मात्र नुसतं ‘असतं असं’ म्हणून सोडू नकोस. मानेला रेडिएशन झालं की थायरॉईड मंदावण्याची शक्यता बरीच असते आणि ती वर्षांनंतरही होते. तेव्हा टीएसएचची रक्ततपासणी वर्षातून एकदा करायचीच. थायरॉईड कमी निघालं तर रोज एक गोळी घ्यावी लागते आणि थकवा कितीतरी उतरतो. त्यासोबत हिमोग्लोबिन बघून घे. डॉक्सोरुबिसिन आणि छातीचं रेडिएशन दोन्ही हृदयावर परिणाम करू शकतात, म्हणून शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला ते फाइलमध्ये बघ. ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देतं. चढ चढताना दम लागत असेल तर डॉक्टरांना ‘थकवा येतो’ असं मोघम न सांगता ‘चढाला दम लागतो’ असंच सांग, त्यांना त्यावरून वेगळा विचार करावा लागतो. या तपासण्यांसाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही. कणकवलीला, रत्नागिरीला होतात. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचारही होतात. रिपोर्ट घेऊन मुंबईच्या तारखेला जायचं.

या सगळ्यात काही निघालं नाही, तर थकव्यावर सगळ्यात चांगला पुरावा आहे तो रोजच्या चालण्याचा. तुला हे उलटं वाटेल. दमलेल्या माणसाला आणखी चाला कसं म्हणायचं? पण अनेक देशांतल्या अभ्यासांत व्यायामाने हा थकवा कमी झालेला दिसलाय. पाखाडी चढत सुरुवात करू नकोस. सपाटीने, सकाळचं ऊन चढायच्या आत, दहा मिनिटं. आठवड्याने थोडं वाढव. घरातली कामं हा व्यायाम धरू नकोस, ती वेगळी. आणि कळश्यांचं काम काही महिने दुसऱ्या कोणीतरी करावं, हे नवऱ्याला स्पष्ट सांग. पंप बसवायचा विचार आंब्याच्या पैशातून या वर्षी होऊ शकतो का, तेही विचार.

एक तपासणी अशी आहे, जी तुला कोणी सांगितली नसण्याची शक्यता आहे. तिशीच्या आत छातीला रेडिएशन झालेल्या बायकांना पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून रेडिएशनला ८ वर्षं झाली की दरवर्षी मॅमोग्राम आणि एमआरआय करावा, असं तज्ज्ञ सांगतात. तुझ्या बाबतीत ते पस्तिशीनंतर येईल. आज त्याची चिंता करायची नाही, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. नेदरलँड्समध्ये यासाठी वेगळे दवाखानेच आहेत. पूर्वी लिम्फोमातून बरे झालेल्या लोकांना ते शोधून काढतात, पत्र पाठवून बोलावतात आणि मिळालेल्या औषधांप्रमाणे कुठल्या तपासण्या करायच्या ते ठरवून देतात. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात लहानपणी कर्करोग झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून असा दवाखाना चालतो. मोठ्यांना अशी हाक सगळीकडे येत नाही, म्हणून ते काम आपलं आपण करायचं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून उपचारांचा गोषवारा एका कागदावर मागून घे: औषधांची नावं, डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा, रेडिएशन कुठल्या भागाला आणि किती ग्रे (ते रेडिएशनच्या मात्रेचं माप). प्रत्येक रुग्णाला असा कागद मिळावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ मध्येच केली होती. त्याच्या दोन-तीन प्रती काढ, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेव. आपल्या पावसाळ्यात कपाटातले कागदही बुरसतात. मोबाईलमध्ये फोटोही असू दे.

तपासणीआधीची झोप उडणं हेही सगळीकडचंच. अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत रुग्णांना विचारलं, तर आजार उलटण्याची भीती यादीत सगळ्यात वर येते. तुला धीर येईल अशी एक गोष्ट: हॉजकिन उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. तो काळ तू ओलांडला आहेस. पाच वर्षांनंतर तर ते फारच क्वचित होतं. आणि मनाच्या शांतीसाठी दर वेळी पेट स्कॅनचा आग्रह धरू नकोस. काही तक्रार नसताना वारंवार स्कॅन करून फायदा होत नाही, खर्च आणि धाकधूक मात्र वाढते. डॉक्टर हाताने तपासतात, विचारतात, ते पुरेसं असतं.

गाठीची भीती कोकणात जरा जास्तच छळते, कारण भातलावणीत पायाला जखम झाली, चिखल्या झाल्या की जांघेत अवधाण येतंच. ते दुखतं, आणि जखम भरली की जातं. लिम्फोमाची गाठ सहसा दुखत नाही आणि वाढत राहते. दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, कारण नसताना उतरणारं वजन, न हटणारा ताप, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा. पावसाळ्यात ताप आला तर तो लेप्टोही असू शकतो. तो अंगावर काढायचा नाही, आणि तापाचं कारण कळण्याआधी मनाने लिम्फोमापर्यंत धावायचंही नाही. रात्री विचार थांबतच नसतील तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी, मोफत सेवा आहे. मराठीत बोलतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शाळेच्या अर्जाचं. आपल्याकडे ब्रिटनसारखा कायदा नाही. दिव्यांगांसाठीच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात कर्करोग नाही. मला हे मोठं न्यून वाटतं. लिम्फोमातून बरी होणारी तरुण माणसं आता गावोगावी आहेत आणि त्यांच्या पाठीशी काही नाही. पण तुला अर्ज तर याच देशात करायचा आहे. तेव्हा माझा सल्ला असा: मुलाखतीत आपणहून आजारापासून सुरुवात करू नकोस, शिकवण्याबद्दल बोल. मधली वर्षं का गेली असं विचारलं तर खरं सांग, छोटं सांग: “आजारी होते, उपचार पूर्ण झाले, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट सोबत आहे.” ते सर्टिफिकेट खरंच सोबत ने. लेखी आरोग्याची माहिती मागितली तर खोटं लिहू नकोस. विम्याच्या फॉर्मवर तर कधीच नको, कारण लपवलेलं पुढे दावा नाकारायला वापरतात. नव्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपेक्षा जास्त थांबवून ठेवता येत नाही, हा नियम २०२४ मध्ये झाला. एका कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे विचार. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या कुटुंबाचं नाव असल्याची खात्री करून ठेव.

ननंदेच्या लग्नाबद्दल वाचून मला वाईट वाटलं. अगं, तुझं आणि तिचं रक्ताचं नातंच नाही! हॉजकिन कोणाला लागत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, आणि वहिनीकडून ननंदेकडे तर यायची सोयच नाही. पाहुण्यांना तुझा आजार सांगायला तू किंवा घर बांधील नाही, तो तुझा खासगी विषय आहे. इतपत मला मान्य. पण कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलायचं ओझं तुझ्यावर टाकणं मला मान्य नाही. गावात सगळ्यांना माहीत असतंच, पाहुण्यांच्या कानावर जाणारच, आणि लपवलं होतं हे कळलं की मग साध्या गोष्टीला वेगळाच वास येतो. नवऱ्याला पुढे कर. त्यानेच पाहुण्यांना सांगावं, की बायको आजारी होती, बरी झाली, आणि माझ्या बहिणीचा त्याच्याशी संबंध नाही. हे ऐकून जे स्थळ उठून जाईल, त्या घरात ननंद उद्या आजारी पडली तर काय होईल, याचा विचार सासूबाईंनीही करावा. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ नावाचा गट आहे, लहानपणी किंवा तरुणपणी कर्करोगातून वाचलेल्यांचा. शिकलेली, नोकरी करणारी, लग्नं झालेली मुलंमुली त्यात उघडपणे बोलतात. त्यांच्याशी बोलून बघ. तुझ्यासारखं कोणी तालुक्यात भेटत नसेल, पण जगात आहे.

मूल होण्याबद्दल तू भीत भीत विचारलं आहेस, आणि तिथेच बातमी बरी आहे. एबीव्हीडीने अंडाशयाचं नुकसान सहसा कमी होतं. डॉक्टर साधारण दोन वर्षं थांबायला सांगतात, ती उलटून गेली आहेत. गरोदरपणामुळे हॉजकिन उलटतो का, हे स्वीडनमध्ये देशभरातल्या नोंदी तपासून बघितलं गेलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की तसं होत नाही. आईला हॉजकिन झाला म्हणून बाळात काही व्यंग येतं, असंही नाही. मात्र दिवस राहण्याआधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचार, टीएसएच आणि इको करून घे, आणि बाळंतपण जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना तो गोषवाऱ्याचा कागद दाखव. पोटुशीपणात हृदयावर भार वाढतो, तेव्हा त्यांना आधी माहीत असलेलं बरं. सिझेरियनची किंवा कुठलीही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ब्लिओमायसिन घेतल्याचं न विसरता सांगायचं. जास्त प्राणवायू दिला तर त्या फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, म्हणून ते बेताने देतात. हे तूही लक्षात ठेव आणि नवऱ्यालाही पाठ करायला लाव, कारण त्या वेळी तू सांगायच्या स्थितीत नसशील.

फवारणीला मात्र नाही म्हणते. हॉजकिन सोडून बाकीच्या लिम्फोमांना नॉन-हॉजकिन म्हणतात, त्यांचा काही कीटकनाशकांशी संबंध सापडला आहे. लिंडेनबद्दल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं. तुझा प्रकार हॉजकिन, त्याचा तसा संबंध ठरलेला नाही, म्हणून मागे बागेत गेले होते तेच भोवलं असं मनात आणू नकोस. पण ब्लिओमायसिन सोसलेल्या फुप्फुसांना फवाऱ्याची वाफ कशाला? फवारणीच्या दिवशी बागेत जायचं नाही, औषध कालवायचं नाही, त्याचे कपडे तू धुवायचे नाहीत. चुलीच्या धुराचंही तेच, गॅस आहे तर गॅसवर कर. आणि नवरा हातमोजे, मास्क न घालता, उघड्या पायांनी फवारत असेल तर त्याच्याशी भांड. आमच्या बागायतदार पुरुषांना हे सांगून सांगून मी थकले, पण बायकोचं ऐकतील.

पुढच्या तपासणीला एकटी जाऊ नकोस, त्यालाच बरोबर ने. रुग्णालयातून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून सही-शिक्का घेतला, की तपासणीसाठी जातानाही कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यात भाडं माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. फॉर्म आधी मागून ठेव. गणपतीत आणि मे महिन्यात गाड्यांना जागा मिळत नाही, तेव्हा तारीख घेतानाच ते दिवस टाळून घे. आणि डॉक्टरांना विचारायचं सगळं निघायच्या आदल्या दिवशी कागदावर लिही, समोर बसलं की निम्मं विसरायला होतं. थायरॉईडचा रिपोर्ट काय येतो ते मला कळव.

तुझी,
मावशी